एका ‘चार्ज’मध्ये इतके अर्थ कसे मावले?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मोबाइल चार्ज करणे, जादा चार्ज लावणे, एखाद्यावर गुन्ह्याचा चार्ज ठेवणे, कार्यालयाचा चार्ज घेणे आणि घोडदळाने चार्ज करणे हे सगळे एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ आहेत, की योगायोगाने सारखे ऐकू येणारे पाच वेगळे शब्द आहेत? शब्दाचे मूळ काय, आणि वाचताना यांतला नेमका कोणता अर्थ घ्यायचा हे कशावरून ठरवायचे, असेही आपण विचारले आहे. सोबत आपल्याला अडवलेले एक वाक्य दिले आहे, ‘द मेट्रन, हू वॉज इन चार्ज ऑफ ट्वेल्व्ह चिल्ड्रन, वॉज चार्ज्ड विथ निग्लेक्टिंग हर चार्जेस’. शब्दकोश हाताशी घेऊनही त्याचा शेवट ‘तिने आपल्या शुल्काकडे दुर्लक्ष केले’ असा लागला आणि तो मनाला पटला नाही, असे आपण लिहिता. पटला नाही हे बरोबरच झाले. त्या वाक्याकडे शेवटी येतो, कारण त्यात या शब्दाचे तीन अर्थ एकापाठोपाठ आले आहेत आणि तिन्ही उलगडण्यासाठी आधी थोडी तयारी लागेल.

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करत आहे, आणि त्यातला मोठा भाग करारनामे, न्यायालयीन कागदपत्रे आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका यांचा आहे. या तिन्ही ठिकाणी ‘चार्ज’ भेटतो आणि तिन्ही ठिकाणी त्याला मराठी शब्द वेगळा लागतो. तरीही माझा अनुभव असा आहे की खरी अडचण अर्थांच्या संख्येची नसते. आपण हाक मारतो, उडी मारतो, शिक्का मारतो, गप्पा मारतो आणि डल्लाही मारतो, पण ‘मारणे’चे हे अर्थ कोणी यादी करून पाठ केलेले नाहीत. शब्दकोश अर्थांना क्रमांक देतो, आणि एकदा क्रमांक पडले की प्रत्येक अर्थ सुटा दिसू लागतो. मग परकी भाषा शिकणारा त्या सुट्या अर्थांतला बसेल तो निवडून वाक्यात ठेवून पाहतो. ‘शुल्काकडे दुर्लक्ष’ हा अर्थ असाच तयार झाला असावा. त्यामुळे आपला प्रश्न मी जरा वेगळा करून घेतो: या सगळ्या अर्थांच्या तळाशी कोणते चित्र आहे, आणि वाक्याची कोणती खूण त्या चित्रातला नेमका भाग दाखवते?

पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे. हा एकच शब्द आहे. मराठीत ‘पाठ दुखते’ यातली स्त्रीलिंगी पाठ संस्कृत ‘पृष्ठ’वरून आली आणि ‘पाठ शिकवला’ यातला पुल्लिंगी पाठ ‘पठ्’ धातूवरून आला. ते दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचा उच्चार तेवढा जुळला आहे. ‘चार्ज’चे तसे नाही. तो आपल्या ‘पाय’ या शब्दासारखा आहे: माणसाचा पाय, खुर्चीचा पाय, डोंगराचा पायथा, इमारतीचा पाया. मूळ एक आहे आणि अर्थ त्यातून फुटत गेले आहेत.

ते मूळ म्हणजे एक गाडी आहे. प्राचीन गॉल प्रदेशातील, म्हणजे आजच्या फ्रान्स आणि आसपासच्या भागातील, केल्टिक भाषेत चाकांच्या गाडीसाठी ‘कारोस’ असा शब्द होता. रोमन लोकांनी तो उचलून लॅटिनमध्ये ‘कारुस’ केला. आजच्या स्वित्झर्लंडमधील हेल्वेशियन टोळ्यांनी इ. स. पूर्व ५८ मध्ये आपला मुलूख सोडला, त्यासाठी त्यांनी गाड्या गोळा केल्याचे सांगताना ज्युलियस सीझरने हाच शब्द वापरला आहे. पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्यावरून ‘कारिकारे’ हे क्रियापद तयार झाले, आणि त्याचा अर्थ होता गाडीत माल भरणे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे रूप बदलून ‘चार्जिए’ झाले, अर्थही थोडा सैल होऊन ‘ओझे चढवणे’ इतका व्यापक झाला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकारभार, न्याय आणि लष्कर यांची भाषा दीर्घकाळ फ्रेंच राहिली, आणि त्या ओघात हा शब्द इंग्रजीत आला. सुमारे १२०० पासून तो इंग्रजी लिखाणात आढळतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ साधा होता: ओझे, वजन, भार.

येथे उच्चाराची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा फ्रेंच लोक त्यातला पहिला वर्ण ‘च’ असा उच्चारत. नंतर फ्रेंचमध्ये त्या ‘च’चा ‘श’ झाला, पण इंग्रजीने आधी घेतलेले शब्द जुन्या उच्चारासह तसेच राहिले. म्हणून ‘चीफ’ आणि ‘शेफ’ हे एकाच फ्रेंच शब्दाचे दोन काळांतले अवतार आहेत. ‘चार्ज’चेही असेच झाले. राजदूताच्या अनुपस्थितीत दूतावासाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ‘शार्झे दाफेअर’ म्हणतात. तो शब्द नंतरच्या काळात थेट फ्रेंचमधून घेतला गेला, म्हणून त्यात ‘श’ आहे. शब्दशः अर्थ ‘कारभाराचा भार सोपवलेला’ असा आहे, आणि मराठीत आपण त्याला प्रभारी राजदूत म्हणतो, तेव्हा नकळत मूळ चित्रच जपतो.

त्याच गाडीतून निघालेले इतर शब्दही इंग्रजीत भरपूर आहेत. मोटारगाडीचा ‘कार’ आणि वाहून नेण्याचा ‘कॅरी’ हे तर उघडच आहेत. जहाजावरच्या मालाचा ‘कार्गो’ स्पॅनिशमधून आला, त्याचाही अर्थ लादलेला माल. ‘करिअर’ हा मूळचा गाड्यांचा रस्ता, मग शर्यतीचा मार्ग, आणि फार उशिरा माणसाच्या व्यवसायाची वाटचाल. मला सर्वांत आवडणारा नातेवाईक ‘कॅरिकेचर’ आहे: इटालियनमध्ये ज्या चित्रात नाक, हनुवटी अशा अवयवांवर जास्तीचा भार चढवलेला असतो ते चित्र, म्हणजे व्यंगचित्र. बहुतेक व्युत्पत्तिकोश गाडीच्या या शब्दाचे आणखी मागचे मूळ ‘धावणे’ अशा अर्थाच्या धातूपर्यंत नेतात आणि लॅटिनमधला ‘धावणे’ हा शब्दही त्याच धातूचा मानतात. तसे असेल तर विजेच्या विषयात शेजारी शेजारी बसणारे ‘चार्ज’ आणि ‘करंट’ हे दूरचे भाऊ ठरतात.

आता एक गाडी डोळ्यांसमोर आणा. ती उभी आहे आणि कोणीतरी तिच्यात पोती चढवत आहे. या चित्रात तीन गोष्टी आहेत: चढवणारा, चढवलेले ओझे आणि ज्याच्यावर ओझे चढले तो. पुढच्या जवळपास सगळ्या अर्थांत या तीन जागा तशाच राहतात. फक्त गाडीच्या जागी कधी माणूस येतो, कधी तोफ, कधी जमीन, कधी विजेची बॅटरी, आणि पोत्यांच्या जागी कधी काम येते, कधी गुन्हा, कधी पैसे, कधी बंदुकीची दारू, कधी वीज.

माणसावर काम चढवले की ती जबाबदारी होते. हा अर्थ १४व्या शतकापासून रुळला. माणसावर देणे चढवले की तो खर्च किंवा आकार होतो, आणि दोष चढवला की आरोप होतो. हे दोन्ही अर्थ १५व्या शतकात ठळक झाले. येथे मराठीची साक्ष फार मोलाची आहे, कारण आपली भाषा याच वाटेने स्वतंत्रपणे गेली आहे. ‘आरोप’ हा शब्द ‘आ’ उपसर्ग आणि ‘रुह्’ म्हणजे चढणे, वाढणे या धातूपासून झाला आहे; आरोप म्हणजे चढवणे, वर ठेवणे. वृक्षारोपणात आपण तोच शब्द झाडासाठी वापरतो. बोलतानाही आपण आरोप ‘ठेवतो’, ठपका ‘ठेवतो’, कर ‘लादतो’ किंवा ‘बसवतो’, जबाबदारी ‘टाकतो’ आणि कर्ज ‘डोक्यावर’ घेतो. इंग्रजाला ‘चार्ज’ म्हणताना जे दिसत होते तेच मराठी माणसाला ही क्रियापदे वापरताना दिसत होते.

‘भार’ या शब्दाकडे पाहिले तर हे साम्य आणखी जवळ येते. कार्यभार, पदभार, अधिभार, प्रभार, प्रभारी, विद्युतभार हे सगळे ‘चार्ज’च्या कुटुंबातील शब्दांचे मराठी प्रतिशब्द आहेत, आणि सगळ्यांत भार आहे. ‘कारभार’ आणि ‘कारभारी’ या जुन्या, घरगुती शब्दांतही तोच ऐकू येतो. ‘इन-चार्ज’ला याहून चांगला शब्द कोणत्या समितीने बनवला असता असे मला वाटत नाही. ‘भार’चा धातू ‘भृ’, म्हणजे वाहणे, धारण करणे, पोसणे. याच भारत-युरोपीय मुळातून इंग्रजीचे ‘बेअर’ आणि ‘बर्डन’ आले. म्हणजे ‘भार’ आणि ‘बर्डन’ हे सख्खे नातेवाईक आहेत, तर ‘भार’ आणि ‘चार्ज’ यांचे रक्ताचे नाते नाही. दोघांनी वेगवेगळ्या गावांत राहून एकच आयुष्य काढले आहे.

तोफेच्या आणि बंदुकीच्या बाबतीत ‘चार्ज’ म्हणजे एका बारासाठी भरलेली दारू. ‘बार भरणे’ हा आपला वाक्प्रयोग येथे अचूक बसतो. या अर्थातून विजेचा अर्थ निघाला, आणि तो कसा निघाला हे पाहण्यासारखे आहे. १७४५-४६ मध्ये लायडन जार या नावाने ओळखली जाणारी काचेची बरणी तयार झाली, जिच्यात वीज साठवून ठेवता येत असे आणि जिला चुकीच्या ठिकाणी हात लागला तर जोराचा झटका बसे. त्या काळी वीज हा एक प्रकारचा अदृश्य द्रव आहे अशी समजूत होती. मग बरणीत तो द्रव भरणे आणि एका क्षणात मोकळा करणे हे तोफेत दारू ठासून बार उडवण्यासारखेच दिसले तर नवल नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात आपल्या प्रयोगांविषयी लंडनला पाठवलेल्या पत्रांत हीच भाषा आहे. त्याने काचेची ११ तावदाने शिशाच्या पत्र्यांसह एकत्र जोडून केलेल्या मांडणीला ‘बॅटरी’ म्हटले. तो शब्दही लष्करातला आहे, कारण तोफांच्या समूहाला बॅटरी म्हणत. म्हणून आज आपण ‘बॅटरी चार्ज केली’ असे म्हणतो तेव्हा त्या वाक्यातले नाम आणि क्रियापद हे दोन्ही तोफखान्यातून आलेले असतात. पुढे वीज हा द्रव नाही हे सिद्ध झाले, इलेक्ट्रॉन सापडला, पण शब्द राहिला. मराठी पाठ्यपुस्तकांतले धनप्रभार आणि ऋणप्रभार हे शब्द त्याच भरण्याच्या कल्पनेचे वंशज आहेत.

राहिला हल्ल्याचा अर्थ. तो १६व्या शतकात स्थिरावला, आणि ओझ्याशी त्याचे नाते चटकन दिसत नाही. सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण असे आहे की शस्त्र ‘चार्ज’ करणे म्हणजे ते वापरासाठी सज्ज करणे, बंदूक भरणे किंवा भाला रोखणे. आणि रोखलेल्या भाल्यासह घोडा पुढे दामटला की त्या धावण्यालाही तोच शब्द लागला. क्रिमियातील बालाक्लाव्हा येथे २५ ऑक्टोबर १८५४ रोजी ब्रिटिश हलक्या घोडदळाने रशियन तोफांवर जी आत्मघातकी चाल केली ती या अर्थाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. मराठीत येथे भार, आकार, आरोप यांतले काहीही चालणार नाही. घोडदळासाठी एल्गार, सैन्यासाठी चाल करून जाणे, खेळाडूसाठी मुसंडी मारणे, आणि बैलासाठी अंगावर धावून येणे असे त्या त्या प्रसंगाचे शब्द घ्यावे लागतात. ‘लाठीचार्ज’साठी लाठीमार हा शब्द आपल्याकडे आधीच रूढ आहे.

इथवर आपण मूळ आणि वाढ पाहिली. मात्र मूळ माहीत असल्याने वाक्य आपोआप सुटत नाही. त्यासाठी शब्दाच्या आजूबाजूला पाहावे लागते, आणि माझ्या कामात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ‘चार्ज’नंतर येणारे छोटे शब्द.

क्रियापदानंतर ‘फॉर’ आला तर बहुधा पैशांची गोष्ट आहे. ‘दे चार्ज्ड मी फॉर द सेकंड कॉपी’ म्हणजे दुसऱ्या प्रतीचे त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले. ‘टू’ आला आणि पुढे खाते असेल तर ती रक्कम त्या खात्यावर टाकली. ‘ॲट’ आला तर धावून जाणे. आणि ‘विथ’ आला तर थांबायचे, कारण चुका येथेच होतात. ‘विथ’ने तीन दिशा उघडतात. ‘ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट’ म्हणजे त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवण्यात आला. ‘द कमिटी वॉज चार्ज्ड विथ इन्व्हेस्टिगेटिंग द थेफ्ट’ म्हणजे चोरीच्या चौकशीचे काम समितीवर सोपवण्यात आले. आणि ‘द रूम वॉज चार्ज्ड विथ टेन्शन’ म्हणजे खोलीतले वातावरण तणावाने भारलेले होते. व्याकरणाची रचना तिन्हींत एकच आहे. फरक फक्त ‘विथ’नंतरच्या वस्तूचा आहे: तो गुन्हा असेल तर आरोप, कर्तव्य असेल तर जबाबदारी, भावना किंवा वीज असेल तर भरलेपण. एका नवोदित सहकाऱ्याच्या मसुद्यात मी ‘समितीवर चोरीचा तपास केल्याचा आरोप आहे’ असे वाक्य वाचले आहे. त्याचे व्याकरण चुकले नव्हते. ‘विथ’नंतर काय आले आहे हे पाहण्याआधीच त्याने शब्दकोशातला अर्थ निश्चित केला होता.

येथेच एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे. ‘अक्यूज’ या क्रियापदानंतर ‘ऑफ’ येतो आणि ‘चार्ज’नंतर ‘विथ’. ‘चार्ज्ड ऑफ थेफ्ट’ असे इंग्रजीत म्हणत नाहीत. आणि दोन्हींत अर्थाचाही फरक आहे: शेजाऱ्याने मला चोर म्हटले तर ते ‘अक्यूज’ करणे झाले, पण ‘चार्ज’ करणे हे सहसा पोलिसांनी किंवा सरकार पक्षाने औपचारिकपणे केलेले काम असते. मराठीत दोन्हींना आरोप म्हणता येते, म्हणून बातमीचे भाषांतर करताना ‘आरोप केला’ आणि ‘आरोप ठेवला’ हा भेद मी कटाक्षाने पाळतो. कायदेशीर दस्तऐवजात तर ‘दोषारोप’ हाच शब्द घेतो.

‘भारलेले’ या शब्दावर क्षणभर थांबतो, कारण तो मला फार वर्षांनी सुचला. आधी मी ‘इमोशनली चार्ज्ड’ला ‘भावनिकदृष्ट्या संवेदनशील’ असे काहीतरी लिहीत असे, आणि प्रत्येक वेळी ते बेचव वाटे. मग एकदा बोलण्याच्या ओघात कोणीतरी ‘मंत्राने भारलेला दोरा’ असे म्हटले आणि उलगडा झाला. दोऱ्यात शक्ती भरणे, पाणी भारणे, माणूस भारावून जाणे, हे सारे मराठी माणूस पूर्वीपासून बोलत आला आहे. तेव्हापासून मी ‘भावनांनी भारलेले वातावरण’ असे लिहितो आणि ते वाचकाला कधीही परके वाटलेले नाही.

दुसरी नाजूक जागा ‘इन चार्ज ऑफ’ची आहे. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द पेशंट’ म्हणजे रुग्णाची जबाबदारी परिचारिकेवर आहे. ‘द पेशंट इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजेही तेच. फक्त एका ‘द’ने कर्ता आणि ज्याची काळजी घ्यायची तो, यांच्या जागा उलटल्या. ‘द’ नसेल तर वाक्याचा कर्ता जबाबदारी वाहतो; ‘द’ असेल तर कर्ता दुसऱ्याच्या ताब्यात असतो. घाईत वाचताना हा ‘द’ निसटतो, आणि मग रुग्णच परिचारिकेवर देखरेख करू लागतो. करारात असे झाले तर कोणत्या पक्षावर काय बंधन आहे हेच उलटे होते, म्हणून मी अशा वाक्यांतल्या ‘द’खाली पेन्सिलने रेघ ओढून ठेवतो.

अर्थ ओळखण्यासाठी मी आणखी एक कसोटी वापरतो, ती ‘डिसचार्ज’ची. ‘डिसचार्ज’ म्हणजे ओझे उतरवणे, आणि जे चढवले गेले आहे ते बहुधा उतरवताही येते. बॅटरी डिसचार्ज होते, बंदूक डिसचार्ज होते, जहाजातला माल डिसचार्ज करतात, कर्ज आणि कर्तव्यही डिसचार्ज करतात, आरोपीलाही न्यायालय डिसचार्ज करते. म्हणून संदिग्ध वाक्यात मी मनात विचारतो: येथे काय उतरेल? वीज उतरेल, काम उतरेल, की आरोप उतरेल? उत्तर मिळाले की मराठी शब्दही मिळतो, आणि उतरण्याच्या बाजूलाही आपल्याकडे प्रत्येकासाठी स्वतंत्र शब्द आहे: धरणातून विसर्ग, जखमेतून स्राव, कर्जाची फेड, पदावरून कार्यमुक्ती, आरोपातून दोषमुक्ती. ही कसोटी सगळीकडे चालत नाही. दुकानदाराने घेतलेल्या पैशांना आणि घोडदळाच्या हल्ल्याला ‘डिसचार्ज’ नाही. पण हे दोन अर्थ ‘फॉर’ आणि ‘ॲट’ने आधीच ओळखता येतात, त्यामुळे अडचण येत नाही.

पैशांच्या अर्थाबद्दल थोडे. ‘प्राइस’ ही वस्तूची किंमत, ‘कॉस्ट’ म्हणजे घेणाऱ्याला किंवा बनवणाऱ्याला आलेला खर्च, ‘फी’ हा व्यावसायिकाचा मोबदला किंवा संस्थेचे शुल्क, ‘फेअर’ हे प्रवासाचे भाडे, आणि ‘चार्ज’ म्हणजे सेवेसाठी समोरच्याने लावलेली रक्कम. ‘फ्री ऑफ चार्ज’ हा वाक्प्रयोग एकवचनीच राहतो. त्याला ‘विनामूल्य’ पुरेसे आहे.

कोणता मराठी शब्द वापरायचा हे मात्र सर्वस्वी कागदावर अवलंबून आहे, आणि येथे मी कोणतेही एक उत्तर देऊ शकत नाही. देयकात ‘आकार’ रूढ असेल तर तेथे ‘शुल्क’ घालून वाचकाला गोंधळात टाकू नये. ‘स्थिर आकार’ हा शब्द लोकांच्या डोळ्यांना सरावलेला आहे. मिळकतीच्या दस्तऐवजात कर्जामुळे जमिनीवर ‘चार्ज’ असेल तर ‘बोजा’ हा शब्द वकिलापासून शेतकऱ्यापर्यंत सर्वांना समजतो, आणि ‘बोजा’ म्हणजे पुन्हा ओझेच. अर्थसंकल्पाच्या भाषेत ‘चार्ज्ड’ खर्चाला ‘भारित’ म्हणतात, कारण तो निधीवर आधीच चढवलेला असतो आणि त्यावर सभागृहात मतदान होत नाही. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मात्र मी ‘चार्ज करा’ असेच लिहितो. ‘विद्युतघट प्रभारित करा’ असे लिहिले तर ज्याच्या हातात यंत्र आहे तो पुढची ओळ वाचणारच नाही. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात याच्या उलट, तेथे ‘प्रभार’ हवा.

आता आपले वाक्य. पहिला ‘चार्ज’ ‘इन’ आणि ‘ऑफ’च्या मध्ये आहे, ‘द’ नाही. म्हणजे जबाबदारी कर्त्यावर, अधीक्षिकेवर आहे, आणि बारा मुले तिच्यावर सोपवलेली आहेत. दुसरा क्रियापद आहे, कर्मणी प्रयोगात आहे आणि पुढे ‘विथ’ आहे. ‘विथ’नंतर ‘निग्लेक्टिंग’ म्हणजे हेळसांड आली आहे. हेळसांड हे काही सोपवण्याचे कर्तव्य नाही, ती चूक आहे, म्हणून येथे आरोप. तिसरा नाम आहे, अनेकवचनी आहे, आणि त्याआधी ‘हर’ हा मालकी दाखवणारा शब्द आहे. येथे गाडीचे चित्र पुन्हा आठवा: चढवलेले ओझे. ज्यांचा सांभाळ एखाद्यावर सोपवलेला आहे त्या व्यक्तींनाच इंग्रजीत त्याचे ‘चार्जेस’ म्हणतात. दाईची मुले, पालकाचा पाल्य, परिचारिकेचे रुग्ण हे सगळे या अर्थी ‘चार्ज’ असतात. व्यक्तीलाच ओझे म्हणणे आपल्याला खटकेल, पण संस्कृतने ‘भृ’पासूनच ‘भृत्य’ आणि ‘भार्या’ हे शब्द घडवले, आणि दोहोंचा शब्दशः अर्थ ‘जिचे किंवा ज्याचे भरणपोषण करायचे ती व्यक्ती’ असा आहे. मराठीत या तिसऱ्या अर्थाला एकच ठरलेला शब्द नाही, म्हणून मी संदर्भातली व्यक्तीच पुन्हा नावाने सांगतो.

मी ते वाक्य असे लिहीन: ‘बारा मुलांचा सांभाळ जिच्यावर सोपवला होता, त्या अधीक्षिकेवर त्याच मुलांची हेळसांड केल्याचा आरोप ठेवण्यात आला.’ मूळ वाक्यात एक शब्द तीनदा आला आहे, माझ्या वाक्यात तो एकदाही आलेला नाही. ‘सोपवला’ आणि ‘ठेवण्यात आला’ या दोन क्रियापदांनी आणि पुन्हा आलेल्या ‘मुलांनी’ त्याची तिन्ही कामे केली आहेत.